चार मिनिटं दहा सेकंदांचं गाणं

धाकटीला लोक बोलावत ते बहुतेक दुखण्याखुपण्याला, नाहीतर भांडणतंट्याला. डॉक्टर जे बोलतील ते ती बहिऱ्या पेशंटला हातांनी सांगायची आणि पेशंटचे हात जे बोलतील ते डॉक्टरांना तोंडाने. कोर्टातही तेच. खुणांच्या भाषेची दुभाषी म्हणून पंधरा वर्षं तिने कुणाचं मूत्रपिंड आणि कुणाची सोडचिठ्ठी इकडून तिकडे पोहोचवली होती. त्यामुळे एका जुन्या, नावाजलेल्या बँडच्या मॅनेजरबाईंनी फोन करून, "आमच्या कार्यक्रमाला बावीस बहिरे प्रेक्षक येणार आहेत, तुम्ही स्टेजवर उभ्या राहाल का?" असं विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणून बसली. फोन ठेवला आणि तिला हो म्हटल्याचा पस्तावा झाला.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ती अशाच एका गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमात उभी राहिली होती. गाणी बरी गेली, पण मधे एक नुसतं वाजवण्याचं प्रकरण आलं, चांगलं चार मिनिटांचं. शब्द एकही नाही आणि दिवा मात्र हिच्या अंगावर. हात खाली सोडून उभं राहिलं तर लोक म्हणतील ही कशाला आली, म्हणून तिने वारा केला, लाटा केल्या, पक्षी उडवले आणि पुन्हा वारा केला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो शहरातल्या झाडून सगळ्या बहिऱ्यांच्या फोनवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'पंखा चालू राहिलाय, कुणीतरी बंद करा.' तेव्हापासून तिचं नाव पंखा पडलं. बाहेरच्यांचं एक वेळ सोडा, पण तिची सख्खी थोरली बहीण, जी स्वतः जन्मापासून बहिरी होती, तीही तो व्हिडिओ बघून पोट धरधरून हसली होती. धाकटीच्या देखत. ते तिच्या मनात सलत राहिलं होतं.

कार्यक्रम दोन दुभाष्यांनी वाटून घ्यायचा होता. हात भरून येतात म्हणून आलटूनपालटून उभं राहायची पद्धतच आहे. शेवटचं गाणं धाकटीच्या वाट्याला आलं आणि ते होतं 'फाटक'.

'फाटक' चाळीस वर्षांपूर्वीचं. चाल ब्लूजची, पण गिटार इतकी कडक की ब्लूजवाले त्याला रॉक म्हणायचे आणि रॉकवाले ब्लूज. गोष्ट एवढीशी. रेल्वेचं फाटक पडलंय, माणूस अलीकडे अडकलाय, त्याची बाई पलीकडे आहे आणि मधून मालगाडी चाललीय ती काही संपत नाही. ब्लूजच्या रीतीप्रमाणे पहिली ओळ दोनदा आणि मग तिला उत्तर:

फाटक पडलंय गं, समोर फाटक पडलंय,
फाटक पडलंय गं, समोर फाटक पडलंय,
मालगाडीला शेपूट नाही, माझं पाऊल अडलंय.

पुढे तो डबे मोजतो. शेवटच्या कडव्यात म्हणतो, ओरडून काही पोहोचायचं नाही, तू नुसता कंदील हलव, म्हणजे तू आहेस एवढं मला कळेल.

मॅनेजरबाईंनी गाणं पाठवलं तेव्हा सोबत लिहिलं होतं, 'चार मिनिटं दहा सेकंद.' धाकटीने आठवडाभर ते घोटलं. स्वयंपाक करताना घोटलं, दात घासताना घोटलं. मधल्या गिटारला पस्तीस सेकंद होते. तिथे तिने गाडीचे डबे जाताहेत अशी नीटस खूण बसवली. शेवटी रेकॉर्डवर आवाज बारीक बारीक होत विरून जातो, तिथे तिने हातही लहान लहान करत छातीशी आणायचं ठरवलं. आरशासमोर उभं राहून घड्याळ लावून केलं, तर चार मिनिटं दहा सेकंद बरोबर भरले. तिला जरा धीर आला.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ती तालमीच्या जागेवर गेली. एका गोदामामागचा लांबट हॉल, भिंतींना जुनी गोधडीसारखी जाड कापडं ठोकलेली, जमिनीवर वायरींचं जंजाळ. बास वाजवणारा माणूस इतका उंच होता की सगळे त्याला लांब्या म्हणत. तो वायर गुंडाळत बसला होता. धाकटीने त्याला विचारलं, "शेवटी आवाज विरत जातो, तेव्हा तुम्ही स्टेजवर उभेच राहता की आत जाता?"

"कुठे विरत जातो?"

"फाटकमध्ये. रेकॉर्डवर."

लांब्याने वायर खाली ठेवली. "रेकॉर्डवरचं? ताई, ते आम्ही एकदाच वाजवलं. रेकॉर्ड करताना."

"मग आता काय वाजवता?"

"तेच गाणं."

"किती मिनिटांचं?"

"ते दादाला विचारा."

दादा म्हणजे गाणारा आणि गिटार वाजवणारा. सत्तरीचा, किडकिडीत, कानावर पेन्सिल ठेवलेला सुतार वाटावा असा. तो खुर्चीवर बसून गिटारची तार बदलत होता. त्याने वर न बघताच सांगितलं, "अकरा. कधी चौदा. एकदा वीज गेली तेव्हा सहा."

"आणि मधली गिटार किती वेळ चालते?"

"संपेपर्यंत," दादा म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेची बस चालवायचा आणि मुलं उतरली की रिकाम्या बसमध्ये मोठ्याने गायचा. जुन्या रेकॉर्डींचा त्याला नाद. त्याने कपाटात मागे हात घालून 'फाटक'ची दुसरी रेकॉर्ड काढली, भर मैफलीत केलेली, लोकांच्या आरडाओरड्यासकट.

"मला ही कधीच आवडली नाही," तो म्हणाला. "स्टुडिओतलं कसं, परीटघडीचं. यात नुसता सावळागोंधळ."

दोघांनी दोन्ही लागोपाठ ऐकली. धाकटीने वहीत मधोमध रेघ मारून दोन बाजू केल्या. मैफलीतलं गाणं संथ होतं, एखादा माणूस पोटभर जेवून चालावा तसं. आवाज खालचा. स्टुडिओत पहिली ओळ दोनदा येते ती हुबेहूब, जणू ठसा उठवलाय. इथे दुसऱ्यांदा तीच ओळ दादा दातओठ खात म्हणत होता. कंदिलाचं कडवं स्टुडिओत शेवटी, इथे मधेच. एका ठिकाणी सगळे एकदम थांबले, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि गाणं संपलेलंच नव्हतं, परत सुरू झालं. शेवट विरत वगैरे नव्हता, दाणकन होता. आणि मधली गिटार पाच मिनिटं वीस सेकंद.

ती गिटार तिने मोजायचा प्रयत्न केला. ब्लूजची फेरी चारचार मात्रांच्या बारा तुकड्यांची असते, हे तिला कळलं होतं. पहिली फेरी बारा, दुसरी बारा, तिसरी बारा. चौथ्या फेरीत दादा एकाच सुरावर जाऊन असा बसला की तिचे आकडे कुठल्या कुठे गेले. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तिथेच घसरली.

तिने वही मिटली. "उद्या फोन करून सांगते, ताप आलाय म्हणून."

"शनिवारपर्यंत टिकेल तुझा ताप?" नवरा म्हणाला. "त्यापेक्षा ताईंना दाखव."

"ताईला काय दाखवू, गाणं?"

"बघायचं त्यांना आहे. मला विचारशील तर तू छानच दिसतेस, पंखा काय नि लाटा काय."

"ती हसली तर?"

"हसल्या तर आत्ता हसतील. शनिवारी बावीस जण हसण्यापेक्षा आधी एक बरी."

ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायची. पन्नास शिलाई मशीन एका हॉलमध्ये, आणि त्यांतलं एक जरी कुरकुरलं तरी ताईला बोलावणं. लोकांना वाटे, बहिऱ्यांना दैवी स्पर्श असतो, म्हणून तिला बिघाड कळतो. ताईला त्याचा भारी राग. ती म्हणायची, "मला बिघाड कळतो कारण मी वीस वर्षं स्क्रू फिरवतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत धाकटी तिथे पोहोचली. ताई एका मशीनखाली निम्मी शिरलेली होती. बाहेर आली, बहिणीचं तोंड बघितलं आणि आधी फडक्याने दोन्ही हात खसाखसा पुसले. तेलकट हातांनी ती कधी बोलायची नाही.

"कोण आजारी आहे?" हात म्हणाले.

"कुणी नाही. मीच अडकलेय."

मग मागच्या पायरीवर बसून धाकटीने सगळं सांगितलं. स्टुडिओतलं, मैफलीतलं, बारा तुकडे, पाच मिनिटं वीस सेकंद. त्याच सकाळी लांब्याने तिला तीन वेगवेगळ्या मैफलींचे व्हिडिओ पाठवले होते, तेही दाखवायला आणलेत म्हणाली. आणि सगळ्यांत शेवटी, नजर पायरीकडे ठेवून, "मागच्या वेळी तू हसली होतीस."

ताईने तिच्या गुडघ्यावर थाप मारून तिला वर बघायला लावलं. "हसले. हसू येत होतं म्हणून हसले. मधे अख्खा बँड वाजवत होता आणि मला त्यातला एकही माणूस दिसत नव्हता, तूच हात फिरवत पुढे. तो व्हिडिओ मी पुढेसुद्धा पाठवला."

"तूच?"

"चौघांना. पण तेव्हा तू मला आधी विचारलं नव्हतंस. नाहीतर तिथेच सांगितलं असतं. आता विचारायला आलीयस तर दाखव."

धाकटीला राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अशी पायरीवर डब्याशेजारी मांडली गेली आणि तिला उलट हलकंच वाटलं.

ताईने आधी गाण्याचे शब्द वाचले. कंदिलाच्या कडव्यापाशी ती थांबली. "हा माणूस शहाणा आहे. ओरडून उपयोग नाही हे त्याला कळलंय. हात हलव म्हणतोय." मग तिने फोन गुडघ्यावर उभा केला आणि डबा खात तिन्ही व्हिडिओ पाहिले. आवाज बंदच होता. तो चालू करायचं धाकटीलाही सुचलं नाही. एकदा पाहिले, परत पाहिले. तिसऱ्यांदा मधली गिटार आली तेव्हा तिने घास हातात धरून ठेवला आणि बोट पडद्यावर टेकवलं.

"बघ. हा आता गाणार."

"कशावरून?"

"डावा खांदा खाली टाकला. आता ड्रमवाला मान हलवेल. हलवली. आता पाय. एक, दोन, तीन, चार. उघडलं तोंड."

धाकटीने व्हिडिओ मागे घेतला, आवाज चालू केला आणि कान लावला. गिटार आपली चालूच होती, संपेल असं त्या सुरांत काही नव्हतं. पण खांदा पडला, मान हलली, चार वेळा पाय आपटला आणि दादाने ओळ उचलली. दुसऱ्या व्हिडिओत तसंच. तिसऱ्यात गिटार सात मिनिटं चालली होती, तरी शेवटी तोच खांदा, तीच मान, तोच पाय. जे गाणं ती इतके दिवस कानांनी मोजत होती, ते बघून मोजता येत होतं.

पण तिचा चेहरा परत पडला. "मला हे दिसणारच नाही. मी लोकांकडे तोंड करून उभी असणार. तो माझ्या पाठीमागे."

"मी कुठे असणार?"

"पहिल्या रांगेत."

"म्हणजे मला दिसणार. तू मला बघ. खांदा पडला की मी बोट वर करेन."

लहानपणी घरात पाहुणे आले, मास्तर आले, बातम्या लागल्या, की आई धाकटीलाच पुढे करायची, "सांग तिला." सहा वर्षांची असल्यापासून ती ताईला जग सांगत आली होती, कधी मन लावून, कधी कंटाळून अर्धमुर्धं. ताई आपल्याला काही सांगेल आणि आपण त्यावर विसंबून स्टेजवर उभ्या राहू, असं तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

"आणि गिटार चालू असताना काय करू?" तिने विचारलं. "शब्दच नाहीत."

"काही करू नकोस."

"पाच मिनिटं?"

"त्याच्याकडे हात कर, बाजूला हो आणि तूही बघ. सगळं आम्हाला समजावून सांगायलाच पाहिजे असं नाही. मला त्याची बोटं बघायचीत."

भोंगा झाला आणि बायका आत जायला लागल्या. ताईने उरलेला अर्धा डबा बहिणीच्या हातात दिला आणि आत गेली.

पुढचे तीन दिवस दोघींनी संध्याकाळी ताईच्या खोलीवर सराव केला. फोन कपाटावर उभा, ताई खुर्चीत, धाकटी भिंतीपाशी फोनकडे पाठ करून. पहिली ओळ दोनदा येते ती दोन्ही वेळा सारखी करायची नाही, हे ताईनेच सुचवलं. "पहिल्यांदा तो बातमी सांगतो. दुसऱ्यांदा त्याला ती पटते." धाकटीने तसं करून पाहिलं. पहिल्या वेळी फाटक नुसतं खाली आलं, दुसऱ्या वेळी ते नाकासमोर आदळलं. ताईने मान डोलावली. स्टुडिओसाठी बसवलेली डब्यांची नीटस खूण मात्र तिने नापास केली. "ती परीक्षेला ने," म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी पाचला कार्यक्रम. उघडं मैदान, पायऱ्यापायऱ्यांची बैठक, अजून चांगलं ऊन. स्टेजच्या डाव्या कडेला धाकटीसाठी एक लाकडी खोकं ठेवलं होतं. काळा, बिननक्षीचा सदरा तिने घातला होता, त्यावर हात उठून दिसतात म्हणून. खाली पहिल्या दोन रांगांत बावीस जण, आणि बरोबर मधे ताई, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून कपाळावर वही धरलेली. नवरा कुठेतरी मागे होता. दुसऱ्या दुभाषीने आपली गाणी झकास पार पाडली आणि खोक्यावरून उतरताना धाकटीचा दंड दाबला.

'फाटक' सुरू झालं. अर्थात रेकॉर्डवरच्यासारखं नाही, आणि दुसऱ्या रेकॉर्डसारखंही नाही. दादाने आधी नुसतीच गिटार छेडली, धाकटी खोक्यावर हात जुळवून उभी राहिली आणि ताईकडे बघत राहिली. ताईने वही खाली ठेवली. बोट वर झालं. एक, दोन, तीन, चार, आणि धाकटीचे हात दादाच्या तोंडाबरोबर उघडले. फाटक पडलं. मग नाकासमोर आदळलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारबाबांनी मान मागे घेतली.

दुसऱ्या कडव्यानंतर गिटार सुटली. धाकटीने तळहात दादाकडे केला, खोक्यावरून उतरली, कडेला सरकली आणि अर्धवट वळून त्याच्याकडे बघायला लागली. एक डोळा ताईवर ठेवून. पहिलं अर्धं मिनिट तिच्या हातांना मुंग्या आल्यासारखं झालं, काहीतरी करावं, निदान एखादी लाट. तिने ते पाठीमागे बांधले. मग बावीस जणांकडे पाहिलं. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे दादाच्या बोटांकडे, लांब्याच्या डुलणाऱ्या मानेकडे, ड्रमवाल्याच्या घामेजल्या दंडांकडे बघण्यात गढले होते. दोन बायका आपापसांत भराभर बोलत होत्या, "तो बघ, जीभ बाहेर काढतो," "हा बघ, याला पुढचं माहीतच नाही, तो लांब्याला विचारतोय." धाकटीचे खांदे आपोआप खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने ते गाणं नुसतं ऐकलं, एकही मात्रा न मोजता. चौथ्या फेरीत दादा एकाच सुरावर जाऊन बसला, आणि तो तिथे का बसतो तेही तिला उमगल्यासारखं वाटलं. गाडी जात नाही, तर माणूस करणार काय. उभा राहणार.

ताईचं बोट वर झालं. धाकटी खोक्यावर चढली तेव्हा पायाचे दोन ठोके उरले होते.

कंदिलाचं कडवं आलं. दादाने पहिली ओळ म्हटली, दुसऱ्यांदा म्हटली, आणि उत्तर द्यायच्या जागी पुन्हा तीच ओळ म्हटली. तिसऱ्यांदा. हे कुठल्याही रेकॉर्डवर नव्हतं, कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. धाकटीने विचार करण्यात वेळ घालवला नाही. त्याने जे म्हटलं तेच तिने केलं, फक्त तिसऱ्या वेळी कंदील दोन्ही हातांनी धरून डोक्यावर उंच हलवला. दुसऱ्या रांगेतून एका पोरसवद्या बाईने हात वर करून तसाच कंदील परत हलवला. मग आणखी एकीने.

आणि मग सगळे एकदम थांबले.

मैफलीच्या रेकॉर्डवरचं थांबणं दोन सेकंदांचं होतं आणि वेगळ्या ठिकाणी. हे लांबलं. धाकटीला वाटलं, संपलं. तिचे हात खाली यायलाच लागले होते, एवढ्यात ताईने छातीशी तळहात आडवा धरला. थांब. मैदानावर मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या, रेकॉर्ड पाठ असलेला तिचा नवराही मागे टाळ्या पिटत होता, हे तिला नंतर कळलं. अख्ख्या मैदानात फक्त बावीस जण हाताची घडी घालून शांत बसले होते. कारण त्यांना दिसत होतं की ड्रमवाल्याची काठी अजून हवेतच आहे. पहिल्या रांगेतल्या म्हातारबाबांनी मागे वळून टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं आणि कीव आल्यासारखी मान हलवली. बावीस जणांत हसू पसरत गेलं. काठी खाली आली, गाणं परत उसळलं, आणि उभे राहिलेले लोक ओशाळून खाली बसले.

शेवट दाणकन झाला. तेव्हा त्या दोन रांगांतून चव्वेचाळीस हात वर झाले आणि हवेत थरथरले. बहिऱ्यांची टाळी तशी असते. धाकटी त्या हातांकडे बघत खोक्यावर उभी राहिली. तिला रडू आलं नाही, उलट जांभई आली. इतक्या दिवसांची झोप एकदम अंगावर आली.

लोक पांगल्यावर दादा गळ्यात टॉवेल टाकून खाली आला. त्याने धाकटीला विचारलं, "ती कोण, जिने टाळी वाजवली नाही आणि सगळ्यांना बसवून ठेवलं?"

धाकटीने ताईकडे हात केला आणि प्रश्न सांगितला.

ताई म्हणाली आणि धाकटीने ते तोंडाने सांगितलं, "तुमच्या ड्रमवाल्याला सांगा, लोकांना फसवायचं तर काठी खाली ठेवून फसवायचं."

दादा खुर्चीच्या पाठीला धरून हसला. "चाळीस वर्षं फसताहेत लोक. हे आजवर कुणी सांगितलं नाही." मग त्याने विचारलं, "कुठलं बरं वाटलं? रेकॉर्डवरचं का आजचं?"

"रेकॉर्डवरचं," ताईने पटकन सांगितलं. "मी वाचलंय, त्यात कंदिलाचं कडवं पुरं आहे. आज तुम्ही अर्धं खाल्लंत."

धाकटी हे बोलताना जरा अडखळली, पण दुभाष्याने मधे काही गाळायचं नसतं. दादाने टॉवेलने मान पुसली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खाल्लं नाही. विसरलो. हल्ली विसरतो. पहिली ओळ तिसऱ्यांदा म्हणताना घाम फुटला होता मला, वाटलं आता लोकांना कळणार. तेवढ्यात बघतो तर समोर दोघीतिघी कंदील हलवताहेत. म्हटलं चला, निभावलं."

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत," धाकटी म्हणाली.

"मला वाटलं तुम्हाला कळलं आणि तुम्ही सांभाळून घेतलंत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताई मधे हात घालून विचारत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय. धाकटीने सांगितलं. ताईने दादाच्या पाठीवर दोन थापा दिल्या, कारखान्यातल्या नव्या पोरींना द्यायची तशा, आणि निघायची खूण केली.

नवरा तिथूनच रविवारच्या सहलीसाठी शाळेची बस धुवायला गेला. दोघी बहिणी बसथांब्याच्या बाकावर बसल्या. ऊन उतरलं होतं. त्यांच्या नंबरची एक बस आली आणि गेली, कुणी उठलं नाही. ताईच्या बोलण्याची गाडी जोरात होती. मशीनबद्दल बोलली, खोलीतल्या ओलीबद्दल बोलली, मालकिणीबद्दल बोलली. धाकटीचे हात इतके भरून आले होते की ती नुसती मान हलवत होती, हो, हो, बरं, हो. निम्मं ती बघतही नव्हती, समोरच्या दुकानाचं शटर कोणीतरी ओढत होतं तिकडे तिचे डोळे लागले होते. दुसरी बस आली तेव्हा ताईने तिला कोपराने ढोसून उठवलं.

त्या रात्री धाकटी नऊ तास झोपली. रविवारी सकाळी आठला दार वाजलं. दारात ताई उभी, एका हातात रंगाचे दोन डबे, दुसऱ्यात जुने ब्रश, डोक्याला फडकं बांधलेलं.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

ताईने डबे खाली ठेवले. "माझी खोली रंगवायची. काल तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणालीस. चहा टाक आधी. मला पिवळा आवडत नाही, पण दुकानात तोच होता."